दोन पाडवे : पगारवाढ केव्हा, बोनस किती?

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की लहान व्यवसायाच्या मालकाला एक प्रश्न झोपू देत नाही. पोरांना यंदा काय द्यायचं? या एका प्रश्नात आणखी तीन-चार प्रश्न गुंतलेले असतात. पगार वाढवायचा की एकरकमी बोनस द्यायचा? सगळ्यांना सारखं द्यायचं की कामाप्रमाणे? मागच्या वर्षी दिलं तेवढं यंदा जमलं नाही, तर चांगला हात पुण्याची गाडी धरेल का? कामगाराच्या मनातही तितकाच साधा प्रश्न असतो : मला जे मिळणार आहे ते नेमकं कशावरून ठरतं?

परभणी–जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या मोठ्या गावात सेवा देणारी दुकानं भरपूर असतात. दुचाकीचं गॅरेज, कटिंगचं दुकान, ऑनलाइन फॉर्म भरून देणारं सेवा केंद्र, मंडपवाला, रक्त-लघवी तपासणारी लॅब. कामाला दोन माणसं, फार तर सात-आठ. इथं विकला जातो तो माणसाचा हात आणि त्याचा वेळ, त्यामुळे खर्चातला सगळ्यात मोठा आकडा पगाराचाच असतो. आणि गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा कधी येणार हे सोयाबीन आणि कापूस ठरवतात. पेरणीच्या दिवसांत पैसा बी-खतात जातो, गाडीची सर्व्हिसिंग पुढं ढकलली जाते. सोयाबीन विकलं की तीच गाडी गॅरेजात उभी राहते. अशा हलत्या कमाईवर महिन्याचा ठरलेला पगार उभा करायचा आहे.

या प्रकरणात एक गॅरेज कल्पून त्याचा हिशेब पायरीपायरीनं मांडला आहे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. कटिंगच्या दुकानाला किंवा लॅबला तीच रीत आपले आकडे घालून वापरता येईल.

१. दोन पैसे, दोन स्वभाव

पगारवाढ म्हणजे बागायत आणि बोनस म्हणजे जिरायत. ऊस लावला की त्याला वर्षभर पाणी द्यावंच लागतं, विहिरीनं तळ गाठला तरी. कोरडवाहू रानात मात्र पाऊस झाला तसं पीक येतं. म्हणून शहाणा शेतकरी विहिरीच्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा अंदाज घेतो आणि तेवढंच रान उसाखाली घालतो. मालकानंही पगार वाढवताना वाईट महिन्यातला गल्ला डोळ्यांपुढं ठेवायला हवा. दिवाळीतल्या गर्दीवर पगारवाढ ठरवणारा मालक पुढच्या जुलैत अडकतो.

आकड्यात पाहू. गॅरेजमधल्या मुख्य मिस्त्रीला महिना २०,००० रुपये पगार आहे. मालकानं खुश होऊन २,००० रुपये वाढवले. वर्षाला २४,००० झाले, पाच वर्षांत १,२०,०००. शिवाय पुढची प्रत्येक वाढ २२,००० वर मोजली जाणार. तेच २४,००० रुपये बोनस म्हणून एकदा दिले, तर पुढच्या वर्षी परिस्थिती पाहून १०,००० देता येतात किंवा ३०,०००.

मालकाला हे वाचून वाटेल, की मग बोनसच बरा. पण मिस्त्रीच्या बाजूनं पाहिलं तर चित्र उलटं दिसतं. मुलीची फी, गाडीचा हप्ता, घरभाडं, किराणा हे सगळं महिन्याला येतं. बँकेत कर्ज मागायला गेलं तर तिथं पगार विचारतात. वर्षानुवर्षं पगार आहे तिथंच ठेवून दिवाळीला मोठं पाकीट देणारा मालक दिलदार दिसतो खरा, पण धंद्यातली जोखीम तो १३,००० रुपये कमावणाऱ्या हेल्परच्या डोक्यावर ठेवतो. ज्याच्याकडं साठवायला काही नाही, त्यानंच पावसाचा भार उचलायचा हे न्यायाचं नाही. म्हणून दोन्ही हवेत. जगण्यापुरता आणि कसबापुरता पैसा पगारातून यावा, वर्ष चांगलं गेल्याचा वाटा बोनसमधून.

२. गिरण्यांनी शंभर वर्षांपूर्वी घेतलेला अनुभव

दर दिवाळीला मोबाइलवर एक मजकूर फिरतो. वर्षात ५२ आठवडे, चार आठवड्यांचा एक पगार धरला तर तेरा पगार होतात. इंग्रजांनी महिन्याचा पगार सुरू करून एक बुडवला आणि तोच पुढं बोनस म्हणून परत मिळाला, असं त्यात असतं. गणित मोहक आहे, इतिहास वेगळा आहे. मुंबईच्या गिरण्यांत महिन्याचा पगार पूर्वीपासूनच होता. तिथं बोनस आला तो पहिल्या महायुद्धात. कापडाला प्रचंड मागणी होती, नफा वाढला होता आणि धान्य महागलं होतं. १९१७ मध्ये गिरण्यांनी पगारावर दहा टक्के जादा रक्कम द्यायला सुरुवात केली, १९१८ मध्ये ती पंधरा टक्के झाली. पुढं वर्षाअखेरीला एक महिन्याचा पगार बोनस म्हणून मिळू लागला आणि काही वर्षं तो सलग मिळत राहिला.

१९२३ च्या वर्षासाठी मालकांनी तो नाकारला. नफा घटला, आता देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. जानेवारी १९२४ मध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर आले. सरकारनं मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बोनसवर कामगारांचा रूढीनं, कायद्यानं किंवा न्यायबुद्धीनं असा कुठलाच हक्क पोहोचत नाही, असा निर्वाळा समितीनं दिला आणि संप रिकाम्या हातांनी संपला. कागदावर मालक जिंकले. पण सलग मिळालेल्या त्या पगारावर हजारो घरांनी आपला वर्षाचा खर्च बसवला होता, ही गोष्ट कुठल्या निर्वाळ्यानं बदलणार नव्हती.

अहमदाबादला हेच आधी घडून गेलं होतं. १९१७ च्या पावसाळ्यात तिथं प्लेग आला, लोक शहर सोडून जाऊ लागले. कामगार टिकावेत म्हणून गिरणीमालकांनी प्लेग बोनस सुरू केला. काहींना तो पगाराच्या सत्तर-ऐंशी टक्क्यांपर्यंत मिळत होता. साथ ओसरली आणि मालकांनी तो काढून घेण्याचं ठरवलं. मधल्या काळात महागाई वाढलेली. कामगारांनी पन्नास टक्के पगारवाढ मागितली, मालक वीसवर अडले, गांधीजींनी पस्तीस हा आकडा काढला. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते आणि कामगारांच्या बाजूला त्यांचीच बहीण अनसूया. मार्च १९१८ मध्ये गांधीजींच्या उपवासानंतर प्रकरण लवादाकडे गेलं आणि अखेर पस्तीस टक्के मिळाले. प्लेगपुरता म्हणून दिलेला पैसा काढून घेताना त्याची जागा पगारवाढीनं भरावी लागली.

न्यायालयानंही पुढं हे ओळखलं. बंगालमधल्या पूजा बोनसच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९५९ मध्ये काही कसोट्या सांगितल्या. बोनस न चुकता, बऱ्याच वर्षांपासून, एकाच दरानं आणि तोट्याच्या वर्षातही दिला गेला असेल, तर तो मालकाची मर्जी राहत नाही. नोकरीचीच अट बनतो.

याला एक दुसरी बाजूही आहे. १९८६ मध्ये डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांनी कॅनडातल्या लोकांना फोनवर काही प्रसंग सांगून ‘हे रास्त वाटतं का’ असं विचारलं. एक लहान कंपनी, धंदा वाढेनासा झालेला. मालकानं पगार दहा टक्क्यांनी कापला असं सांगितलं, तेव्हा ६१ टक्के लोकांनी ते अन्यायाचं ठरवलं. दुसऱ्या गटाला सांगितलं, की तिथं दरवर्षी दहा टक्के बोनस मिळतो आणि मालकानं यंदा तो दिला नाही. हे ८० टक्के लोकांना मान्य झालं. खिशातून गेलेली रक्कम साधारण तेवढीच होती.

मुंबईचे कामगार आणि कॅनडातले हे लोक यांच्यात फरक कुठं पडला? एक म्हणजे कॅनडातल्यांना प्रसंग फक्त ऐकायचा होता, मुंबईकरांना त्यावर घर चालवायचं होतं. दुसरं म्हणजे वर्ष बरं-वाईट कसं मोजलं, नफा किती झाला, हे गिरणी कामगाराला कधी दाखवलंच गेलं नव्हतं. वर्षाबरोबर वरखाली होताना दिसतो तो बोनस लोक बोनस मानतात. दरवर्षी तीच रक्कम मिळत राहिली, तर तिचा पगार होतो, मग पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

३. कायदा काय सांगतो

बोनसचा कायदा १९६५ चा. त्याच्या तरतुदी आता वेतन संहितेत आल्या असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. वीस किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेला बोनस बंधनकारक आहे : किमान ८.३३ टक्के, जास्तीत जास्त २० टक्के. ८.३३ हा विचित्र आकडा म्हणजे शंभराचा बारावा भाग, अर्थात बारा महिन्यांच्या पगारावर एक महिना. वर्षात तीस दिवस काम केलेल्यालाही तो मिळतो आणि हिशेबाचं वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत द्यावा लागतो. ३१ मार्चपासून आठ महिने मोजले की ३० नोव्हेंबर येतो. दिवाळी त्याच्या आत असते.

तीन-चार माणसांच्या गॅरेजला बोनसचं हे कलम लागत नाही. किमान वेतन मात्र लागतं, आणि ‘आमचं खेड्यातलं दुकान’ ही सबब तिथं चालत नाही. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता जानेवारी आणि जुलै असा वर्षातून दोनदा बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षी पुरेसा असलेला पगार यंदा कमी भरू शकतो. वाढीचा विचार करण्याआधी परभणीच्या कामगार कार्यालयातून आपल्या व्यवसायाचा चालू दर विचारून घ्यावा. त्या दरापर्यंत पगार नेणं ही वाढ धरायची नाही. ते आधीचं देणं आहे.

४. गुढीपाडव्याचं काम

मराठवाड्यात सालगड्याचं साल गुढीपाडव्याला संपतं आणि त्याच दिवशी नवं ठरतं. रोख किती, धान्य किती, उचल किती, हे बैठकीत बोललं जातं. या रिवाजात गरिबाची अडवणूक पुष्कळ झाली आहे, ते विसरता येत नाही. तरी त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे : दिवस ठरलेला असतो. त्या दिवशी विषय निघणार हे दोघांनाही माहीत असतं. गावातल्या दुकानांत असा दिवस नसतो, म्हणून जो धीट आहे तो मध्येच “मालक, औंदा काहीतरी वाढवून द्या” म्हणतो आणि मिळवतो. मुकाट्यानं राबणारा मागं राहतो. पाडवा मार्च-एप्रिलमध्ये येतो, त्याच सुमाराला ३१ मार्चचा हिशेबही हाती असतो. वाढीसाठी याहून सोयीचा दिवस नाही.

वाढीचे दोन भाग करावेत आणि ते वेगळे बोलावेत.

पहिला महागाईचा. रिझर्व्ह बँक वर्षाला चार टक्के महागाईचं लक्ष्य धरून चालते. बाजार पाच टक्क्यांनी वाढला आणि पगार तोच राहिला, तर पगार घटला, इतकं हे सरळ आहे. आपल्या गॅरेजात तीन माणसं धरू : मिस्त्री २०,०००, दुसरा मेकॅनिक १५,०००, हेल्पर १३,०००. एकूण ४८,०००. त्यावर पाच टक्के म्हणजे २,४०० रुपये. टक्क्यानं वाटले तर मिस्त्रीला १,०००, मेकॅनिकला ७५० आणि हेल्परला ६५०. सारखे वाटले तर प्रत्येकी ८००. तेलाचा डबा तिघांनाही एकाच भावानं मिळतो, म्हणून महागाईचा भाग सारखा वाटणं जास्त रास्त. मिस्त्री म्हणेल, अशानं माझ्यातलं आणि पोरातलं अंतर मिटत जाईल. त्याचं बरोबर आहे, आणि ते अंतर राखायचं काम दुसऱ्या भागाचं.

दुसरा भाग कसबाचा. गॅरेजमधल्या कामांची उतरंड सगळ्यांना ठाऊक असते, फक्त कुणी ती लिहिलेली नसते. पंक्चर, ऑइल बदलणं, ब्रेक शू आणि चेन ही पहिली पायरी. क्लच प्लेट, टायमिंग चेन, वायरिंग ही दुसरी. इंजिन खोलणं, बोअर-पिस्टन, हेडचं काम ही तिसरी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ गेला. हवेचा स्क्रू चौथाई फेरा फिरवून, कान इंजिनाजवळ नेऊन आवाज जुळवणारा मिस्त्री ही गॅरेजची शान होती. आता फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचावा लागतो. हे शिकणारा हेल्पर असेल, तर वयानं लहान असला तरी तो चौथी पायरी चढला आहे.

प्रत्येक पायरीला एक रक्कम लिहून ठेवावी, समजा महिना १,००० रुपये. हेल्परनं वर्षभरात क्लच प्लेटचं काम मिस्त्रीच्या मदतीशिवाय करायला घेतलं, गाडी परत आली नाही, की त्याची पायरी पक्की. कुणाला किती वाढ, याचं उत्तर मग मालकाच्या मनःस्थितीवर राहत नाही. हेल्परलाही कळतं, पुढचे हजार कुठं ठेवले आहेत.

आता ही वाढ गॅरेजला झेपते का? महागाईचे २,४०० आणि हेल्परच्या पायरीचे १,००० मिळून महिना ३,४०० रुपये. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला १३१. रोज नऊ गाड्या होत असतील तर गाडीमागं साधारण १५ रुपये. म्हणजे पाडव्याला पगार वाढणार असेल, तर मजुरीचा दर त्याच आठवड्यात वाढला पाहिजे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं पुष्कळ मालक वर्षानुवर्षं मजुरी तीच ठेवतात आणि मग पगार वाढवायला जागा उरत नाही. गाडीमागं पंधरा रुपयांसाठी कुणी दुसरं गॅरेज शोधत नाही. गाडी नीट झाली नाही तर शोधतं.

५. बोनसचा हिशेब

बोनसचेही दोन भाग बरे. एक छोटा, पक्का; दुसरा वर्षावर सोडलेला.

पक्का भाग अर्ध्या महिन्याचा धरू. सणाला घरात कपडे, फराळ लागतोच, आणि त्या खर्चासाठी माणसानं पावसाकडं बघत बसावं असं वाटत नाही. तो आकडा २४,०००. तो खर्चच समजावा आणि दर महिन्याला २,००० रुपये वेगळ्या खात्यात टाकत जावेत. दिवाळीच्या आठवड्यात एकदम २४,००० काढणं जड जातं, महिन्याला दोन हजार जात नाहीत.

दुसऱ्या भागासाठी ३१ मार्चचा हिशेब मांडू. जुनेच पगार धरले आहेत.

वर्षाची मजुरी १०,२०,०००. स्पेअर आणि ऑइलवर सुटलेले २,४०,०००. एकूण १२,६०,०००.
यातून पगार ५,७६,०००.
भाडं, वीज, हत्यारं, किरकोळ १,४४,०००.
दिवाळीचा पक्का भाग २४,०००.
मालकाचा स्वतःचा पगार, महिना २५,००० प्रमाणे, ३,००,०००.
उरले २,१६,०००.

मालकाच्या पगाराची ओळ लहान व्यवसायात सर्रास गाळलेली असते. गल्ल्यातून लागतील तसे पैसे घरी नेले जातात आणि वर्षाअखेरीला नफा किती हे मालकालाच सांगता येत नाही. तो स्वतः दिवसभर उभा राहून काम करतो, त्याच्या कामाचा पैसा हा नफा नाही. आधी तो ठरवून बाजूला काढला, तरच वाटायला काय उरलं ते दिसतं.

उरलेल्यातून ६०,००० रुपये राखीव ठेवायचे : कोरड्या महिन्यांचे पगार, नवा स्कॅनर, कॉम्प्रेसरची दुरुस्ती. राहिले १,५६,०००. यातला तिसरा हिस्सा कामगारांचा, असं वर्ष सुरू होतानाच सांगितलेलं असावं. तो झाला ५२,०००. पक्क्या भागासह तिघांना मिळून ७६,०००, म्हणजे दीड महिन्याहून थोडा जास्त पगार.

५२,००० वाटायचे कसे? पगाराच्या प्रमाणात दिले तर मिस्त्रीला २१,६६७ आणि हेल्परला १४,०८३. सारखे दिले तर प्रत्येकी १७,३३३. मधला मार्ग असा : निम्मे सारखे, निम्मे पगाराच्या प्रमाणात. मिस्त्री १९,५००, मेकॅनिक १६,७९२, हेल्पर १५,७०८. कसबाचा मान पगारातून आधीच मिळालेला आहे. वर्षाच्या यशात मात्र उन्हात गाड्या पुसणाऱ्याचाही हात असतो, म्हणून सारख्या वाट्याकडं झुकणं योग्य.

पुढचं वर्ष वाईट धरू. पावसानं ओढ दिली, सोयाबीनचा भाव पडला. मजुरी आणि स्पेअर मिळून १०,९०,००० च आले. तेच खर्च वजा केले की उरतात ४६,०००. राखीव रक्कमच भरत नाही, तेव्हा वर्षावरचा भाग शून्य. पक्का अर्धा महिना मात्र मिळतोच, कारण तो दर महिन्याला बाजूला पडत होता. मिस्त्रीला ७६,००० चं वर्ष आणि २४,००० चं वर्ष, दोन्हींचा हिशेब एकाच पानावर दाखवता आला, तर तो कुरकुरेल, पण फसवलं म्हणणार नाही.

एक गोष्ट महत्त्वाची. आकडा पाडव्यालाच सांगावा, पैसे दिवाळीला द्यावेत. मधले सहा-सात महिने ती रक्कम बँकेत वेगळी राहू द्यावी. गल्ल्यात ठेवलेला बोनस श्रावणात स्पेअरच्या खरेदीत जातो.

६. टक्क्याची ओढ

“महिन्याचं कशाला, गाडीमागं टक्का द्या,” असं काही जाणते मिस्त्रीच म्हणतात. कटिंगच्या दुकानांत खुर्चीवरच्या कमाईचा ठरलेला हिस्सा कारागिराला देण्याची पद्धत रुळलेली आहे आणि ती चालते, कारण कटिंग कशी झाली हे गिऱ्हाईक आरशात तिथंच पाहतं. गॅरेजात तसं नाही. ब्रेक शू खरंच झिजला होता का, हे गिऱ्हाइकाला कळत नाही.

अमेरिकेतल्या सिअर्स कंपनीनं हा धडा महागात घेतला. तिच्या गाडी-दुरुस्ती केंद्रांत सेवकांना विक्रीवर कमिशन आणि विक्रीची लक्ष्यं होती. कॅलिफोर्नियाच्या ग्राहक खात्यानं गुप्तपणे गाड्या पाठवून तपास केला आणि जून १९९२ मध्ये गरज नसलेल्या दुरुस्त्या गिऱ्हाइकांच्या गळ्यात मारल्याचा आरोप ठेवला. गिऱ्हाइकांना सल्ला देणाऱ्या सेवकांचं कमिशन आणि ती लक्ष्यं कंपनीला बंद करावी लागली. माणसं एका रात्रीत लबाड झाली नव्हती. पगाराची रचनाच त्यांना रोज तिकडं ढकलत होती.

बोरीसारख्या गावात याचा फटका लवकर बसतो. गिऱ्हाईक ओळखीचं, बातमी चहाच्या टपरीपर्यंत जायला तासही लागत नाही. मोजायचंच असेल तर परत आलेल्या गाड्या मोजाव्यात. त्याच दुरुस्तीसाठी पंधरा दिवसांत परत आलेली गाडी वहीत लाल शाईनं लिहायची आणि ज्या महिन्यात अशा गाड्या दोनाहून कमी, त्या महिन्यात तिघांनाही सारखी लहानशी रक्कम द्यायची. तिघांनाही सारखी, म्हणजे मिस्त्री हेल्परचं काम तपासून सोडेल. मुंबईचे डबेवाले गटाची कमाई एकत्र करून सारखी वाटून घेतात, त्यामागं हेच आहे : एकाचा डबा चुकला तर नाव सगळ्या गटाचं जातं.

७. उचल

पगार आणि बोनसची कितीही नीट आखणी केली, तरी खेड्यात ती उचलीपाशी येऊन विस्कटते. बहिणीचं लग्न, आईचं ऑपरेशन, बियाण्याची पिशवी. हेल्पर दहा हजार मागतो आणि मालक देतो; ते चांगलंच आहे, कारण नाही तर तो सावकाराकडं जाईल. बिघडतं ते पुढं. उचल तोंडी राहते, फेड ठरत नाही आणि दिवाळीला मालक म्हणतो, “तुझ्याकडं आमचेच आठ हजार आहेत, बोनस त्यातच धर.” वर्षभराच्या कामाचा सन्मान कर्जवसुलीत जातो. हेल्परच्या घरी फटाक्यांचीही सोय नसते आणि मालकाला वाटतं, आपण तर पूर्ण बोनस दिला.

ऊसतोडीच्या मजुरांचं सगळं जगणं उचलीभोवती कसं फिरतं, हे परभणी-बीडच्या गावांना सांगायला नको. आधी घेतलेली रक्कम फिटेपर्यंत माणूस मुकादमाला बांधलेला. दुकानातली उचल तशी होऊ द्यायची नसेल तर तिचं पान वेगळं हवं. कमाल मर्यादा, समजा, एका महिन्याचा पगार. फेड दर महिन्याला ठरलेली, पगाराच्या दहाव्या हिश्शाहून जास्त नाही : १३,००० वर १,३००. दहा हजारांची उचल आठ महिन्यांत फिटते. व्याज नाही. दोघांच्या सह्या. आणि बोनसमधून कपात करायची ती कामगारानं स्वतः सांगितलं तरच.

८. मध्येच सोडून जाणारा

शेवटची अडचण नेहमीची. जुलैत हेल्परला चाकणच्या कंपनीत काम लागतं आणि तो जातो. दिवाळीला त्याचं काय?

पुष्कळ ठिकाणी उत्तर असतं, ‘गेला तो गेला.’ हिशेब वेगळं सांगतो. दिवाळीला वाटायचा बोनस मागच्या मार्चला संपलेल्या वर्षाचा आहे आणि ते वर्ष त्यानं पूर्ण राबून काढलं होतं. त्याचे १५,७०८ आणि अर्ध्या महिन्याचे ६,५००, मिळून २२,२०८ रुपये त्याचे आहेत. उचल बाकी असेल तर त्याला विचारून वळती करावी, उरलेली रक्कम मिस्त्री-मेकॅनिकला देतो त्याच दिवशी त्याच्या खात्यात टाकावी. एप्रिल ते जुलैचे चार महिने नव्या वर्षात मोजायचे. पुढच्या पाडव्याला वर्षाचा आकडा निघेल तेव्हा पूर्ण वर्षाला त्याचा जो वाटा झाला असता, त्याचा तिसरा हिस्सा काढायचा, कारण बारात चार म्हणजे तेवढंच.

मधल्या काळात गॅरेजला नवा हेल्पर लागेलच. तो बहुधा जुन्याच्याच गावचा, त्याच्याच ओळखीचा असेल, आणि कामावर येण्याआधी फोन करून त्यालाच विचारील, मालक पैसे कसे देतो.